मालकांची शिफ्ट

आमच्याकडे रस्त्यात कुणी भेटलं की पहिला प्रश्न असतो, "कुठली शिफ्ट?" तब्येत, पोरंबाळं, पाऊसपाणी हे सगळं नंतर. चाकणला कंपन्या आल्यापासून गावातली लग्नं, साखरपुडे, भावाभावांची भांडणंसुद्धा शिफ्ट बघून होतात. माझ्या नवऱ्याचं आयुष्य एका छोट्या कंपनीत प्रेस मशीनवर गेलं, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त रात्रपाळीत. पुढे बीपीनं किडन्या गेल्या. डायलिसिस लावायची वेळ आली तेव्हा तळेगावच्या बाजूच्या एका हॉस्पिटलात गेलो, तर तिथल्या सिस्टरनंही तेच विचारलं. कुठली शिफ्ट पाहिजे? हे म्हणाले, "जल्मभर फर्स्ट शिफ्ट मागितली, सायबानं दिली न्हाई. तुमी तरी द्या." सिस्टर हसली आणि तिनं सकाळची शिफ्ट दिली.

त्या शिफ्टवर आमचं घर उभं होतं म्हटलं तरी चालेल. भल्या सकाळी चाकण-तळेगाव रस्ता मोकळा असतो. आमच्या शेजारचे गॅरेजवाले भाई आपल्या जुन्या व्हॅनमधून ह्यांना सोडायचे आणि दुपारी परत आणायचे. घरी आले की थोडं खाऊन झोपायचे, आणि उन्हं उतरल्यावर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची टिंगल सुरू. डॉक्टर म्हणाले होते, दिवस चुकवू नका, मशीनवर पूर्ण वेळ बसा, पाणी बेतानं प्या, असं करून माणसं वर्षानुवर्षं काढतात. आम्हीही काढणार होतो. मुलगी फार्मसीला होती, तिचं शिक्षण आणि नोकरी बघायची एवढी एकच अट ह्यांनी स्वतःला घातली होती.

पुढे लिहिताना मालक हा शब्द सारखा येईल, म्हणून आधीच सांगते. मालक म्हणजे माझा नवरा. आमच्या खेड-मावळातल्या माझ्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, फार तर उखाण्यात. बाहेरच्या माणसाशी बोलताना "आमचे मालक" म्हणायचं. मी दहावी पास, रोजचा पेपर वाचणारी, तरी ह्यांचं नाव तोंडातून निघायला जीभ वळत नसे. मालकी म्हणाल तर नावालाच होती. घरात चपला कुठं काढायच्या हेही मीच ठरवत होते.

मालक आजारी पडायच्या आधीच मी पेशंट सांभाळायचा कोर्स केला होता. तळेगावच्या डोंगराच्या अंगाला एक मोठी सोसायटी झाली, तिथं एजन्सीनं मला काम दिलं. गावात त्या सोसायटीला 'फॉरेनवाल्यांची' म्हणतात. तिथं राहणारी माणसं रंगानं, आडनावानं आपलीच. कुणी चिंचवडचं, कुणी पुण्याचं, कुणी साताऱ्याकडचं. तरुणपणी परदेशात गेली, तिकडचं नागरिकत्व घेतलं, तिकडं रिटायर झाली, आणि म्हातारपण काढायला इकडं आली. जन्म इथला, शाळा इथली, आणि कागदावर मात्र परदेशी नागरिक. तिकडं दात काढायला जेवढा खर्च येतो तेवढ्यात इथं अख्खा माणूस दुरुस्त होतो, असं त्यांच्यातलेच एक जण हसत सांगायचे.

खोटं कशाला बोलू, त्यांच्यामुळे आमच्या बायकांचं भलं झालं. आधी कंपनीच्या कँटीनमध्ये भांडी घासणाऱ्या आता पगारावर स्वयंपाकाला जाऊ लागल्या. पोरं ड्रायव्हर झाली, वॉचमन झाली. माझा पगार वाढला तो त्यांच्यामुळेच. पेपरात येतं की अशा लोकांमुळे बाहेरचा पैसा देशात येतो, रोजगार होतो. येतो ना, मीच त्याची साक्षीदार आहे. पण त्याच पैशानं भाडी वाढली, आणि गावात संध्याकाळी दवाखाना चालवणारे डॉक्टर सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये बसायला लागले. आमच्या हॉस्पिटलातल्या चांगल्या सिस्टर एकेक करून तिथं घरगुती ड्यूटीवर गेल्या. मी त्यांना नावं ठेवत नाही, मीसुद्धा तिथंच होते.

मग हॉस्पिटलनंही वाऱ्याची दिशा ओळखली. वरचा मजला पाडून नवा केला. काचेचे दरवाजे, मंद दिवे, भिंतीवर हसणाऱ्या म्हाताऱ्यांचे फोटो. त्याला सीनियर विंग म्हणायचं. डायलिसिसची निम्मी मशीनं वर गेली. खालचा हॉल आमच्यासारख्यांसाठी राहिला, मशीनं कमी आणि माणसं तेवढीच. दोन शिफ्टच्या तीन झाल्या. तिसरी संध्याकाळी सुरू व्हायची. हॉलच्या दारावर कागद लागला की सकाळच्या शिफ्टमध्ये मोजक्याच जागा उरल्या आहेत, ज्यांना त्याच हव्या असतील त्यांनी काउंटरवर सांगावं.

मी ज्यांच्याकडे कामाला होते त्यांना काका म्हणते. एजन्सीनं सर म्हणायला शिकवलं होतं, पण पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "सर म्हणालीस तर हजेरी घेईन." इंजिनिअर होते. अमेरिकेत चार दशकं काढून, बायको गेल्यावर एकटे परत आले. लेक तिकडंच. काकांच्याही किडन्या गेलेल्या. हृदयही नाजूक. डायलिसिसला त्यांना गाडीनं पार पुण्यात न्यावं लागायचं, येईपर्यंत जीव अर्धा व्हायचा. तळेगावात, आमच्याच हॉस्पिटलात जागा मिळावी म्हणून त्यांच्या लेकीनं मला नाव नोंदवायला पाठवलं होतं. तिचा अमेरिकेतला नंबर तिथल्या कॉम्प्युटरमध्ये बसेना, म्हणून मी माझाच मोबाइल नंबर दिला, मालकांच्या फॉर्मवर होता तोच. वर सगळं भरलेलं होतं. कळवू म्हणाले.

काकांची मराठी फार गोड होती, ते गेले तेव्हाची, जशीच्या तशी राहिलेली. माझ्या नवऱ्याला ते 'तुझे यजमान' म्हणायचे. यजमानांनाही डायलिसिस आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि रोज न चुकता चौकशी करायचे. एकाच दुखण्याचे दोघे, पण कधी भेटले नव्हते.

दारावरचा तो कागद भाईंनी वाचून मला फोन केला. मी ड्यूटी संपवून तशीच हॉस्पिटलात गेले, अंगात एजन्सीचा निळा अंगरखा आणि छातीवर बिल्ला. काउंटरवर नवी मुलगी होती, हिंदी मुलखातून आलेली, मराठी बोलायचा मनापासून प्रयत्न करणारी.

मी म्हटलं, "आमच्या मालकांना सकाळचीच शिफ्ट पाहिजे. संध्याकाळचं त्यांना झेपायचं नाही."

तिनं बिल्ल्याकडं पाहिलं. "मोबाइल नंबर?"

मी नंबर सांगितला. तिनं बटणं दाबली. "हां, मिला. तुमचे मालिक. सकाळचा पाहिजे ना?"

"हो बाई, सकाळचाच. लई अशक्त झालेत."

"मालिक का सुबह पक्का," ती म्हणाली आणि छान हसली. मलाही हसू आलं. म्हटलं बघा, हिंदीवाले मालकाला मालिक करतात. घरी येऊन मी मालकांना सांगितलं की तुमची बढती झाली, आता तुम्ही मालिक. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि दोन दिवस मला तसंच बोलवायला लावलं.

त्याच आठवड्यात काकांच्या लेकीचा मेसेज आला. बाबांना तळेगावात सकाळची जागा मिळाली, तुम्ही किती धडपड केलीत, तुमचे उपकार कसे फेडू. मला वाटलं वरच्या विंगेत कुणाची तरी जागा रिकामी झाली असेल. आनंदच झाला. दोघं एकाच इमारतीत, मला मधेच खाली जाऊन मालकांना बघता येईल, असे मनात मांडे खाल्ले.

त्या सकाळी मी काकांना गाडीतून नेलं. वर जायला निघाले तर वॉर्डबॉय म्हणाला, खाली, हॉलमध्ये, वर अजून जागा नाही. व्हीलचेअर ढकलत हॉलमध्ये शिरले तर खिडकीजवळच्या खुर्चीत मालक बसलेले. बाही वर केलेली, मांडीवर टॉवेल. समोर सिस्टर उभी, हातातली यादी पुन्हा पुन्हा बघत. ती तीच, पहिल्या दिवशी हसलेली. मला बघून तिचा चेहरा उतरला. "ताई, इथं तुमच्या काकांचं नाव आहे," ती हळूच म्हणाली. "ह्यांचं संध्याकाळी लागलंय."

एका क्षणात मला सगळं उमगलं. नंबर, बिल्ला, मालक, मालिक. काउंटरवरच्या त्या पोरीनं चुकीचं काहीच ऐकलं नव्हतं. तिच्या मुलखात मालिक म्हणजे ज्याच्याकडं आपण कामाला असतो तो.

मालकांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा व्हीलचेअरमधल्या म्हाताऱ्याकडं. काका दमले होते, ओठ पांढरे पडलेले. मालक उठले. बाही खाली केली.

"बसा काका. ही जागा चांगली हाय, हितं पंखा थेट लागत न्हाई."

"थँक यू, थँक यू," काका म्हणाले. "तुमचं झालं का?"

"न्हाई, माझं संध्याकाळी हाय. मी उगं बसलो व्हतो."

माझ्या जवळून जाताना त्यांनी डोळ्यांनी मला गप्प बसायला सांगितलं. एजन्सीचा नियम होता, आपलं घरगाऱ्हाणं पेशंटपुढं मांडायचं नाही, आणि मांडलं तर काम जातं हे त्यांना माहीत होतं. मी काकांना धरून खुर्चीत बसवलं. काकांच्या हातात सुई गेली, मशीन सुरू झालं, आणि ज्याला त्यांनी थँक यू म्हटलं तो माणूस कोण हे त्यांना कळलं नाही.

मी हातावर हात ठेवून बसले असं मात्र नाही. काउंटरवर भांडले. ती पोरगी रडायला लागली, तिच्यावर ओरडून काय उपयोग. मॅनेजरकडं गेले. तो अगदी मऊ बोलणारा. म्हणाला, चूक झाली खरी, पण काकांचं आता सीनियर पॅकेज झालंय, करार आहे, मोडता येत नाही, नवी मशीनं यायची आहेत, तेव्हा तुमचा पहिला विचार. मग एजन्सीला न विचारता मी काकांच्या लेकीला एकटीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ती तिकडं खरोखर रडली. मी हॉस्पिटलशी बोलते म्हणाली, आणि बोललीही. तिलाही त्यांनी नवी मशीनं येणार असंच सांगितलं. बाबांना काही कळू देऊ नका एवढं मात्र तिनं बजावलं, ते लगेच जागा सोडायला निघतील आणि पुन्हा पुण्याच्या फेऱ्या त्यांना सोसणार नाहीत. तिचंही खोटं नव्हतं. काही दिवसांनी तिनं मालकांसाठी विजेवर गरम होणारी चादर पाठवली, डायलिसिसला थंडी वाजते म्हणून. तिची पिन आमच्या सॉकेटमध्ये बसत नव्हती. भाईंनी गॅरेजमध्ये वायर कापून दुसरी पिन लावली तर घरातला फ्यूज उडाला.

मालक मला म्हणाले, "सोड गं. त्यो म्हातारा मानूस, त्याचा बी जीव हाय. आन तुजा पगार कुठून येतो?"

पगार कुठून येतो. ह्या एका प्रश्नाचाच मला सगळ्यात जास्त संताप यायचा. मालकांची औषधं, मुलीची फी, व्हॅनचं पेट्रोल, सगळं काकांच्या डॉलरमधून येत होतं, आणि मालकांची सकाळही त्याच डॉलरनं नेली होती. शिव्या कुणाला घालायच्या? काका वाईट असते तर किती सोपं झालं असतं.

संध्याकाळची शिफ्ट म्हणजे काय हे चाकणच्या माणसालाच विचारा. कंपन्या सुटतात, बसेस निघतात, कंटेनर रस्त्यावर आडवे-तिडवे, मधे हजार दुचाक्या. मालक उशिरा पोचायचे. तिसऱ्या शिफ्टला एकच टेक्निशियन, बाकीचे वर विंगेत. त्यालाही घर होतं. उशिरा आलेल्याचा वेळ कापला जायचा. अंगातलं पाणी पूर्ण निघायचं नाही. आधी पाय सुजले, मग तोंड. ओट्यावर बसणं बंद झालं. झोपलं की दम लागायचा, म्हणून भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायचे. मी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर म्हणाले, पूर्ण वेळ व्हायला हवं. मलाही ते माहीत होतं.

काका मात्र सुधारले. फेऱ्या वाचल्या, तोंडावर तरतरी आली, काठी घेऊन बागेत चालू लागले. त्यांना चालताना बघून बरं वाटायचं. पण लगेच मनात यायचं, आपल्या हातानं आपण कुणाला बरं करतोय. हे मी मुलीलाही कधी सांगितलं नाही. यजमानांना संध्याकाळची शिफ्ट लागली एवढंच काकांना माहीत होतं, आणि मागून बघ, बदलून देतील, असं ते म्हणायचे.

मालक गेले ते रस्त्यातच. दिवस मावळत होता. चौकात एक कंटेनर वळताना अडकला आणि दोन्ही बाजू ठप्प झाल्या. भाईंनी मला नंतर सांगितलं ते असं, की मालकांचा श्वास आधीपासूनच चढला होता, खिडकी उघडा म्हणाले. भाई हॉर्नवरचा हात काढत नव्हते. मालक म्हणाले, "भाई, कशाला दमताय, कोण ऐकतंय." भाई खाली उतरले, हात जोडत पुढं गेले. दुचाकीवाले बाजूला झाले, पण कंटेनर कुठं जाणार. परत आले तोवर मालकांची मान खांद्यावर पडली होती.

मी तेव्हा काकांना मऊ भात भरवत होते. माझ्या जागी येणारी बाई अजून आली नव्हती. भाईंचा फोन आला, "वहिनी, तुम्ही निघा." त्यांच्या आवाजावरून कळलं. पण म्हाताऱ्याला एकटं सोडून निघता येत नाही. मी भात संपवला, काकांचं तोंड पुसलं, गोळ्या दिल्या. ती बाई आली तेव्हा म्हटलं, घरी जरा काम आहे. काका म्हणाले, "जा जा, सावकाश जा, ट्रॅफिक असेल."

तेराव्याच्या आधीच एजन्सीच्या मॅडमचा फोन आला. आधी दुःख झालं म्हणाल्या, आणि खरंच झालं असेल. मग म्हणाल्या, काका सारखी आठवण काढताहेत, तुम्ही नात्यातल्या लग्नाला गावी गेलाय असं सांगितलंय. त्यांच्या लेकीनं हात जोडून विनंती केली आहे की त्यांना हे कळू नये, हृदयाचे पेशंट आहेत, मनाला लावून घेतील. कामावर या, पण नेहमीसारख्या या. टिकली, मंगळसूत्र असू द्या, नाहीतर त्यांच्या लक्षात येईल.

नवरा गेल्यावर बाईनं कुंकू पुसावं असं मानणारी मी नाही. आमच्या गल्लीत कुणी पुसायला आलं असतं तर मी हात धरला असता. पण आपल्या मनानं लावणं वेगळं आणि ड्यूटीचा भाग म्हणून लावणं वेगळं. मुलगी म्हणाली, आई, नको जाऊ. मी गेले. तिचं शेवटचं वर्ष होतं आणि घरात आता मी एकटीच कमावणारी. सोसायटीच्या गेटपाशी रिक्षाच्या आरशात बघून मी टिकली लावली. वॉचमन आमच्याच गावचा, त्याला सगळं माहीत होतं. त्यानं मान दुसरीकडं वळवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांना डायलिसिसला नेलं. सुई टोचून झाली, मशीन सुरू झालं, सिस्टर माझ्याकडं न बघता निघून गेली. काका आनंदात होते. लग्न कसं झालं, जेवायला काय होतं, सगळं विचारून घेतलं. मी सांगत गेले. मग म्हणाले, "आणि यजमान कसे आहेत तुझे?"

"बरे आहेत."

"अजून संध्याकाळीच जातात का? त्या गर्दीत फार हाल होत असतील गं."

"नाही काका," मी म्हटलं. "सुटली त्यांची शिफ्ट."

"अरे वा! मिळाली का बदलून?" त्यांचा चेहरा खुलला. "बघ, मी म्हणत नव्हतो? इथली माणसं ऐकून घेतात. तिकडं असतो तर नुसती पत्रं लिहीत बसलो असतो. आता एकदा त्यांची-माझी गाठ घालून दे. इतके दिवस नुसतं ऐकतोच आहे त्यांच्याविषयी."

त्यांनी मोकळा हात पुढं केला. थंडी वाजली की त्यांना हात धरलेला लागतो. मी तो दोन्ही हातांत घेतला.

"हो काका," मी म्हटलं. "सांगते त्यांना."